अडीच हजार मेणबत्त्यांऐवजी एक

रौप्यमहोत्सवाची सांगता बुद्धपौर्णिमेच्या सायंकाळी व्हावी आणि त्या वेळी शाळेच्या मैदानावर अडीच हजार मेणबत्त्या पेटवून धम्मचक्राची आकृती साकारावी, अशी सूचना माजी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत पुढे आली आहे. पंचवीस वर्षांची शाळा, प्रत्येक वर्षाच्या शंभर, असा त्यामागील हिशेब. सूचना करणाऱ्या बंधूंची शाळेवरील माया मी जाणते. त्याच बैठकीत दुसऱ्या एका बंधूंनी अगदी उलट मत मांडले. मेणबत्ती हे मुळातच कर्मकांड आहे, तथागतांनी आपल्याला प्रज्ञा-शील-करुणा दिली, मेण दिले नाही. तेव्हा शाळेच्या वंदनागृहातूनही मेणबत्ती हद्दपार करावी, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही मते मला पटली नाहीत. बैठकीत वेळ अपुरा होता, म्हणून माझे म्हणणे या स्मरणिकेच्या पानांवरून मांडण्याची अनुमती घेते.

मी या शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांतील विद्यार्थिनी. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे मुलींच्या वसतिगृहात काढली. आज एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मेणबत्तीकडे पाहताना माझ्यातील उपासिका आणि शिक्षिका अशा दोघीही बोलू लागतात. वाचकांनी दोघींचेही ऐकून घ्यावे.

प्रथम त्या दुसऱ्या बंधूंविषयी. मेणबत्ती म्हणजे केवळ कर्मकांड, हे विधान करण्यापूर्वी आपल्या आजीला काही विचारायला हवे होते. माझी आजी सांगत असे की, तिच्या तरुणपणी दर शनिवारी गावच्या मारुतीला तेल न्यावे लागे. न्यायचे, पण घालायचे नाही. पाराच्या खाली उभे राहायचे, हातातील वाटी वरून दुसऱ्याच्या भांड्यात रिकामी करायची, भांड्याला वाटी लागता कामा नये. तेल हिचे, वात दुसऱ्याची, काडी तिसऱ्याची. आपल्या तेलावर दिवा लागला की नाही, हे पाहण्याइतकेही जवळ जाता येत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि पुढील काही वर्षांत आमच्या गावातील वस्तीनेही घेतली. त्या दिवशी एका पत्र्याच्या छपराखाली, पाटावर ठेवलेल्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे आजीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक ज्योत पेटवली. ती मेणबत्ती होती. ‘काडी माझ्या हातात होती,’ एवढेच ती सांगायची आणि गप्प व्हायची.

आपल्या समाजाने समई, निरांजन सोडून मेणबत्ती का जवळ केली, यावर मी बराच विचार केला आहे. दीपपूजेच्या पाली गाथेत उल्लेख येतो तो ‘घनसारा’चा, म्हणजे कापराचा, मेणबत्तीचा नाही. श्रीलंकेतील विहारांत खोबरेल तेलाच्या पणत्या लागतात, लडाखमध्ये लोण्याचे दिवे तेवतात. म्हणजे ज्योत कशावर जळावी याविषयी धम्माचा कोणताही हट्ट नाही. जेथे जे मिळाले ते लोकांनी वापरले. आपल्याकडे मेणबत्ती आली याचे कारण माझ्या मते अगदी साधे आहे. ती किराणा दुकानात कोणालाही मिळत होती. तिला तूप लागत नव्हते, सोवळे लागत नव्हते, ती लावण्यासाठी कोणाला बोलवावे लागत नव्हते. निरांजनाभोवती जो आरतीचा, पुरोहिताचा, उंबऱ्याच्या आतबाहेरचा इतिहास चिकटला होता, तो मेणबत्तीला चिकटलेला नव्हता. नव्या वाटेने निघालेल्या माणसांना ही कोरी वस्तू सोयीची वाटली असावी. हा माझा तर्क आहे, इतिहासकाराचा निष्कर्ष नव्हे. परंतु आजीच्या हातातील काडी मी ऐकलेली आहे आणि म्हणून ‘हद्दपार करा’ हा शब्द माझ्या गळी उतरत नाही.

आता पहिल्या सूचनेकडे. तिला माझा विरोध अधिक आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहिते.

‘मेणबत्ती’ या शब्दातील मेण मधमाश्यांचे. पूर्वी मेणबत्ती खरोखर त्याच मेणाची किंवा जनावरांच्या चरबीची असे. कॅथलिक परंपरेत तर वेदीवरील मेणबत्तीत मधमाश्यांचेच मेण असावे, असा आग्रह दीर्घकाळ होता. एकोणिसाव्या शतकात खनिज तेलापासून पॅराफिन वेगळे करण्याची रीत सापडली आणि मेणबत्ती स्वस्त झाली. आज आपण विहारात लावतो ती जवळजवळ नेहमीच पॅराफिनची असते. आपल्या देशात आसाममधील दिग्बोईच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे मेण प्रसिद्ध आहे. पाणातिपाताच्या शिक्षापदाचा विचार करता हे बरेच झाले म्हणायचे. मोहोळ जाळून काढलेल्या मेणाची किंवा चरबीची ज्योत तथागतांपुढे ठेवण्यापेक्षा हे चांगले. मात्र आपण जे जाळतो ते डिझेलचेच भावंड आहे, हे विसरू नये. लहान मेणबत्तीचे वजन दहा ते पंधरा ग्रॅम धरले, तरी अडीच हजार मेणबत्त्या म्हणजे पंचवीस ते साडेसदतीस किलो पॅराफिन. एक किलो पॅराफिन पूर्ण जळाले तर सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पूर्ण जळाले नाही तर काजळी होते, आणि उघड्या मैदानावरील वाऱ्यात ते पूर्ण जळत नाही. जगाच्या धुराच्या हिशेबात हा आकडा नगण्य आहे, हे मलाही कळते. तरी दरवर्षी पर्यावरणाचा प्रकल्प करायला लावणाऱ्या शाळेने तो मुलांसमोर मांडून पाहावा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी वैशाखातल्या मराठवाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. मेणबत्तीचे मेण साधारण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान वितळते; पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. बेचाळीस अंशांच्या दुपारी मैदानात मांडलेली मेणबत्ती चार वाजेपर्यंत मान टाकते. २००५ साली बुद्धपौर्णिमेला आम्ही मुलींनी व्हरांड्यात सकाळीच शंभरेक मेणबत्त्या रांगेत लावून ठेवल्या होत्या. संध्याकाळी पाहतो तो सगळ्या एका दिशेने वाकलेल्या. एका मैत्रिणीने ‘पंचांग प्रणाम करतायत’ असे म्हटले आणि वंदना सुरू असताना आमचे हसू आवरेना. अडीच हजारांचे धम्मचक्र संध्याकाळपर्यंत चक्र राहील की नाही, याचाही विचार समितीने करावा.

पण माझा खरा आक्षेप पॅराफिनवर किंवा उन्हावर नाही. तो सांगण्यासाठी मला वसतिगृहातील एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

मी दहावीला होते ते वर्ष २००६-०७. भारनियमनाचे दिवस ज्यांना आठवत असतील त्यांना वेगळे सांगणे नको; ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. रात्री आठला गेलेली वीज पहाटे यायची. वसतिगृहात कंदील होते, पण रॉकेल मोजके. एका कंदिलाभोवती आठ-दहा मुली बसत. ज्यांची जागा मागे, त्यांना अक्षर दिसत नसे. वंदनागृहात मात्र रोज सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लागे, आणि पौर्णिमेला, जयंतीला, परिनिर्वाणदिनी तर गावातील उपासक-उपासिका येऊन प्रत्येकजण आपली एक मेणबत्ती लावून जात. वंदना संपली, माणसे पांगली की अर्ध्या, पाव मेणबत्त्या तशाच विझलेल्या किंवा विझवलेल्या उरत. दर रविवारी पत्र्याच्या झाकणाने चौथऱ्यावरील मेण खरवडण्याची पाळी असे. ते मेण आणि ते तुकडे कचऱ्यात जात.

आम्ही तिघींनी ते तुकडे पळवायला सुरुवात केली. पळवणे हाच शब्द योग्य आहे, कारण आम्ही ते चोरून करत होतो आणि दुसरे शिक्षापद रोज सकाळी मोठ्याने म्हणत होतो. पेटीच्या झाकणावर तुकडा चिकटवायचा आणि पांघरुणाच्या आडोशाला भूमितीची प्रमेये पाठ करायची. एका रात्री झोप लागली. तुकडा कलंडला, पांघरुणाचे टोक पेटले. शेजारच्या मुलीने घागर ओतली म्हणून थोडक्यात निभावले. माझ्या मनगटावरील डाग अजून आहे. (विजेऐवजी मेणबत्तीवर अभ्यास करण्याच्या कथा आपल्याकडे फार कौतुकाने सांगितल्या जातात. त्या सांगणाऱ्यांनी एकदा जळके पांघरूण हुंगून पाहावे.)

दुसऱ्या दिवशी अधीक्षिका बाईंनी आम्हाला बोलावले. रागावल्या, त्या चोरीबद्दल फारशा नव्हेत, आगीबद्दल रागावल्या. मग त्यांनी एक वही काढली, तिच्यावर ‘तुकडे’ असे लिहिले आणि आमच्या हाती दिली. वंदनेनंतर उरलेला प्रत्येक तुकडा त्या वहीत नोंदवायचा, कोणी किती नेले ते लिहायचे, आणि तो फक्त भोजनगृहातील सिमेंटच्या ओट्यावर, बाजूला पाण्याची बादली ठेवून लावायचा. अकरा वाजता सगळे विझवून झोपायचे. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेपर्यंत भोजनगृहाच्या ओट्यावर आम्ही त्या तुकड्यांवर अभ्यास केला. वहीत किती नोंदी झाल्या ते आठवत नाही, पण ती भरली होती एवढे नक्की. ती वही आजही शाळेच्या कपाटात असेल तर मला पाहायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. वंदनेसाठी पेटवलेली मेणबत्ती आणि देखाव्यासाठी पेटवलेली मेणबत्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजीच्या हातातील एक मेणबत्ती ही आजीची होती. तिला ती लावणारी व्यक्ती होती. मैदानावरील अडीच हजारांपैकी एकही कोणाची असणार नाही. त्या उंचावरून, बहुधा ड्रोनवरून, टिपण्यासाठी असतील. ती आकृती ज्या मुली मांडतील, पेटवतील, दुसऱ्या दिवशी उन्हात बसून मातीतून मेण खरवडतील, त्यांना ती आकृती दिसणारसुद्धा नाही. खरवडणाऱ्यांच्या बाजूने मी बोलते आहे, कारण मी खरवडलेले आहे.

परिनिर्वाणापूर्वी कुसिनाऱ्याच्या शालवनात तथागतांवर अकाली फुलांचा वर्षाव झाला, असे महापरिनिब्बान सुत्तात वर्णन आहे. त्या वेळी त्यांनी आनंदाला सांगितले ते सर्वांना ठाऊक आहे: अशा पूजेने तथागतांचा खरा सन्मान होत नाही, धम्मानुसार आचरण करणारा भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका तो करते. पुढे परंपरेने आमिसपूजा आणि पटिपत्तिपूजा असा भेद केला. लक्षात घेण्याजोगे हे की, आमिसपूजेला कोणी पाप म्हटले नाही. तिची पायरी खालची, एवढेच. माझे दुसरे बंधू ती पायरीच उखडून टाकू पाहतात, आणि पहिले बंधू त्या पायरीवरच मंडप घालून बसू पाहतात.

आपल्या चळवळीने या प्रश्नाचे एक उत्तर आधीच शोधून ठेवले आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येताना हार, फुले, मेणबत्त्या यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणावे, असे आवाहन गेली काही वर्षे केले जाते आणि त्याला प्रतिसादही मिळतो. आपल्या शाळेतील मुलांपर्यंतही अशा वह्या पोहोचल्या असतील. मला हे आवाहन मनापासून मान्य आहे. तरीही दादरच्या त्या रांगेत, रात्रभर प्रवास करून आलेली, पदराच्या टोकात एकच मेणबत्ती बांधून आणलेली म्हातारी दिसली, तर तिला ‘वही का आणली नाही?’ असे मी विचारणार नाही. आवाहन ज्याच्याकडे दोन्ही घेण्याची ऐपत आहे त्याला करायचे असते. आपण माजी विद्यार्थी आज त्या ऐपतीचे आहोत. अडीच हजार मेणबत्त्यांचा खर्च उचलू शकणाऱ्यांनी तेवढ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत बॅटरीवर चालणारे चार चांगले दिवे बसवावेत. वीज आता पूर्वीपेक्षा बरी आहे, पण पावसाळ्यात अजूनही जाते, हे मी गेल्या श्रावणात मुक्कामाला आले असताना पाहिले.

मेणबत्तीच्या नावाने आपण मुलांना जे एक वाक्य पाठ करायला लावतो, त्याचाही येथे समाचार घेते. शिक्षक, आई, समाजसेवक यांच्यावरील निबंध तपासताना दर दुसऱ्या वहीत मला ते भेटते: मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देणारी. माझी आई ऊसतोडीला जात असे. ती जळत होती हे खरे. पण ते कौतुकाने लिहिण्याजोगे नव्हते, थांबवण्याजोगे होते. तथागतांनी देहदंडनाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला. स्वतःला जाळणे हा धम्मातील आदर्श नाही. नागसेनांनी राजा मिलिंदाला ज्योतीचा दृष्टांत दिला तो किती वेगळा आहे: एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही निघून दुसऱ्यात जाते काय? राजा म्हणतो, नाही. आत्मा संक्रमण करत नाही, हे सांगण्यासाठी तो दृष्टांत आहे. पण मी वर्गात तो आणखी एका कारणासाठी सांगते. पहिला दिवा त्यामुळे उणा होत नाही. शिक्षिकेने किंवा आईने संपून जाण्याची त्यात काही अटच नाही.

विज्ञानाच्या तासाला मी मेणबत्तीपासूनच सुरुवात करते. मायकेल फॅराडे हा लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, ती केवळ एका मेणबत्तीवर. ज्योतीत जळते ते घन मेण नव्हे, मेणाची वाफ. नुकत्याच विझलेल्या वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी लावली तर ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर परत येते. हा प्रयोग पाहताना वर्गात जी शांतता पसरते, ती मी वंदनागृहाबाहेर फार कमी ठिकाणी अनुभवली आहे. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आणि वंदनागृहात एकच वस्तू एकाच आदराने ठेवता यावी, हे मला बाबासाहेबांच्या विचारांशी सुसंगत वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. थायलंडमधील उबोन रत्चथानी येथे वर्षावासाच्या आरंभी मेणाच्या प्रचंड मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. आज तो पर्यटकांचा मोठा उत्सव झाला आहे आणि त्या कोरीव मेणबत्त्या पाहून डोळे दिपतात. पण त्याचे मूळ साधे आहे. पावसाळ्याचे तीन महिने विहारात राहणाऱ्या भिक्खूंना पाठासाठी, वाचनासाठी उजेड हवा, म्हणून लोक मेण देत. आपणही तसेच करावे. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या घरच्या वंदनेतील उरलेले तुकडे घेऊन यावे. शाळेतील नववीच्या मुलींनी, विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली, त्यांची एक मेणबत्ती ओतावी. मेण थेट चुलीवर ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, म्हणजे ते शंभर अंशांच्या वर तापत नाही आणि पेट घेण्याचा धोका राहत नाही. अगरबत्तीची राख, काड्या, केस फडक्यातून गाळून निघतात. सुताची पीळदार वात बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून वाळवली की काजळी कमी धरते. रंग एकसारखा येणार नाही, लाल-पिवळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा मिळून काहीसा मळकट गुलाबी येईल. येऊ द्यावा.

पौर्णिमेच्या सायंकाळी ती एकच मेणबत्ती वंदनागृहात, मैदानात नव्हे, पाचवीतील सर्वांत लहान मुलीने लावावी. बाजूला पाण्याची बादली असावी. वंदना संपली की ती विझवावी आणि पुढील वर्षासाठी ठेवावी. एवढ्या जाडीची मेणबत्ती कित्येक पौर्णिमा पुरेल.

माझ्या घरी बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात दोन वर्षांचे तुकडे साठले आहेत, वजन करून पाहिले तेव्हा सव्वा किलो भरले. मेळाव्याला येताना मी तो घेऊन येईन. साचा आणि वात कोणाकडून येणार, तेवढे समितीने एप्रिलपूर्वी कळवावे.